बघून सांगतो

“वाचा, अप्पा,” ती म्हणाली आणि कीबोर्डवर बोटं ठेवून थांबली.

अप्पांनी शर्टाच्या खिशातून पुस्तक काढलं. तळहाताएवढं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं, घामाने फुगलेलं. संगणक सांभाळणाऱ्यांसाठी छापलेलं पुस्तक होतं ते. कोणती आज्ञा कशी द्यायची, एवढंच त्यात. नोकरी संपली तरी रोज सकाळी ते खिशात जायचंच. अलीकडे शर्टाची बटणं वरखाली लागायची, पण पुस्तक राहत नसे.

समोर टेबलावर पाणीपुरवठा कार्यालयातलं एक जुनं मशीन होतं. भंगारात काढलेलं. डिस्क बिघडली आहे, अशी एकच ओळ पडद्यावर लुकलुकत होती. बिघडवली होती तिनेच. सकाळी लवकर येऊन मशीन चालू असताना तिने वायर ओढली होती, परत लावली होती, परत ओढली होती. अप्पांचा जन्म याच कामात आणि याच खोलीत गेला होता. आता त्यांच्या खुर्चीवर ती बसायची.

तिचा भाऊ मागे भिंतीला टेकून उभा होता. बोटात गाडीची किल्ली फिरवत. गेल्या आठवड्यात अप्पा गॅस चालू ठेवून घराबाहेर पडले आणि कुठल्याशा दुकानाच्या पायरीवर बसलेले सापडले. तेव्हापासून दादाने वृद्धांच्या शुश्रूषागृहात एक खोली धरून ठेवली होती. उद्या होकार कळवायचा होता.

“एक काम त्यांना धड करू दे,” तो तिला म्हणाला होता, “मग मीच नको म्हणून सांगतो. मला काय हौस आहे का त्यांना बाहेर ठेवायची?”

“आधी काय करू?” तिने विचारलं.

“थांबा, बघून सांगतो.”

तिला भरून आलं. या खोलीत तिने हे वाक्य रोज ऐकलं होतं. तोंडपाठ असलेली आज्ञासुद्धा अप्पा पुस्तकात बघूनच द्यायचे. एकाने वाचायची, दुसऱ्याने परत म्हणायची, मगच कळ दाबायची. कार्यालयात सगळेच त्यांना अप्पा म्हणत आणि सगळेच त्यांची टिंगल करत. “अप्पा, आमटीत मीठसुद्धा बघून घालता का हो?” अप्पा हसून म्हणायचे, “पाठ असतं तिथंच माणूस आपटतो. डोकं दगा देतं. खिसा देत नाही.”

ती कामाला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, या खोलीत बापलेक नाही. इथे सगळ्यांना अहोजाहो. संध्याकाळी उंबरठा ओलांडला, की मगच ते म्हणायचे, “चल ठकू, भूक लागली.”

आज त्यांना तेही आठवत होतं. तिने वळून दादाकडे पाहिलं. ऐकलंस ना?

अप्पांचं बोट एका ओळीवर थांबलं. “डिस्क आधी सोडवून घ्या. चालत्या डिस्कला हात लावायचा नाही. पळणाऱ्या माणसाची दाढी करता येते का?”

त्यांनी आज्ञा वाचली. तिने परत म्हटली. कळ दाबली.

“आता तपासणी. इथे ‘सगळ्याला हो’ असा एक पर्याय दिलाय. तो नको. सगळ्याला हो म्हणणारा एक दिवस घर विकून बसतो. एकेक विचारू दे त्याला.”

मशीन एकेक विचारत गेलं. ती प्रश्न वाचायची, अप्पा पान बघून हो-नाही सांगायचे. मध्येच त्यांचं बोट खालच्या ओळीवर घसरलं. त्यांनीच जीभ चावली. “चुकलो. परत घ्या.” दादाच्या बोटातली किल्ली फिरायची थांबली होती.

पडदा काळा झाला. मशीन घरघरलं. थोड्या वेळाने पडद्यावर नेहमीचा प्रश्न उमटला. कोण आहात, नाव सांगा.

“नाव विचारतंय,” अप्पा म्हणाले. “म्हणजे आलं शुद्धीवर.”

दादाने किल्ली खिशात टाकली. “जमवलं की म्हाताऱ्याने! उद्या सांगतो मी त्यांना, खोली नको म्हणून.”

तिने मशीन बंद केलं. अप्पांचा हात धरला. पुस्तक त्यांनी मुठीतच ठेवलं होतं. तिघं खोलीबाहेर आले. उंबरठा ओलांडून ती थांबली आणि वाट बघू लागली.

अप्पांनी हळूच आपला हात सोडवून घेतला. अदबीने.

“बराय, येतो मी,” ते म्हणाले. “तुमचा हात चांगला आहे हो. घाई करत नाही तुम्ही. माझी मुलगीही याच कामात आहे. एकदा गाठ घालून दिली पाहिजे तुमची.”

दादाने मान खाली घातली. ती मात्र त्यांच्याकडेच बघत राहिली.

“नाव काय तिचं?” तिने विचारलं.

अप्पांचे ओठ हलले. थांबले. कपाळाला आठी पडली. मग एकदम त्यांचा चेहरा निवळला.

“थांबा, बघून सांगतो,” ते म्हणाले, आणि अंगठ्याला थुंकी लावून पुस्तकाच्या मागच्या सूचीवरून बोट फिरवू लागले.