वास्कोची गाडी

“मधुकर, तू सांग.”

“मी कित्याक? तू सांग, बाबली. तुजी जीभ लांब.”

“जीभ लांब, पण मान आखूड आसा रे. काकी ती मुरगाळतली!”

“श्श! आयली!” रेश्मा पुटपुटली.

चंद्रावतीकाकी बाजाराच्या शेडमध्ये शिरली आणि बाजारपेठ पुनरुज्जीवन समितीचे तिन्ही सभासद चिडीचूप झाले. समिती म्हणजे तरी काय? किराणा दुकानवाला मधुकर, रिक्षावाला बाबली, शिवणकाम करणारी रेश्मा आणि अध्यक्ष काकी. पगार कुणालाच नाही, बोलणी मात्र सगळ्यांना. खाणी बंद पडल्या तशी कारापूरच्या पुढची ही पेठ सुकत गेली. ट्रक गेले, ट्रकांमागून पोरं गेली. मग या चौघांनी पदर खोचले, बाह्या सरसावल्या. शेडची कौलं परतली, गटार उपसलं, मोडलेला गुरुवारचा बाजार पुन्हा उभा केला.

आणि वास्कोची गाडी आणली. ती मात्र एकट्या काकीने. कचेरीच्या पायऱ्या झिजवून झिजवून.

“एवढ्या लांबची सरकारी बस कोणासाठी हो? पॅसेंजर कोण?” साहेबाने विचारलं होतं.

“माजो झील,” काकी म्हणाली होती.

साहेब खो खो हसला. काकी हसली नाही. तिचा मुलगा गौरेश वास्कोच्या बंदरात कामाला. तिथेच खोली, तिथेच बायको, तिथेच मुलगा. नातवाचं पहिलं पाऊल काकीने मोबाईलमध्ये पाहिलं होतं, तेही मध्येच अडकत अडकत. थेट गाडी झाली की पाळी सुटल्यावर बसायचं आणि दिवेलागणीला आईच्या दारात उतरायचं. इतकं सोपं!

पहिल्या संध्याकाळी काकीने गाडीला झेंडूचा हार घातला, नारळ वाढवला. बाबलीने फटाक्यांची माळ लावली. या गाडीने ज्याची भाडी जाणार होती, तोच सगळ्यात जास्त नाचला! गाडीतून एक मास्तर उतरले, टोपल्या घेऊन दोन बायका उतरल्या. मग ड्रायव्हर उतरला आणि त्याने दार लावलं.

“फाल्यां येतलो,” काकी हसून म्हणाली. उद्या येईल.

तेव्हापासून रोज संध्याकाळी काकी इस्त्रीचं लुगडं नेसून स्टँडवर उभी. गाडी वळून परत जाईपर्यंत उभी. वाटेत अख्खी पेठ प्रेमाने विचारायची, “आयलो गे?” पहिल्यांदा बंदरात बोट आली होती, म्हणून गौरेशला जमलं नाही. मग पोराला ताप. मग सासुरवाडीला बारसं. काकी ही कारणं दुकानादुकानांतून सांगत घरी जायची. पुढे पुढे गौरेशने कारणं देणंही सोडलं. नुसतं म्हणायचा, “बघतां गे आई.” आता हे दुकानदारांना कसं सांगायचं?

त्यात परवा साहेबाचा मधुकरला फोन आला. गाडी रिकामी धावते. हीच ठेवा, नाहीतर हिच्या बदल्यात सकाळची म्हापशाची घ्या. दोन्ही मिळणार नाहीत. काय ते ठरवून कळवा.

म्हापशाला इस्पितळ, म्हापशाला बाजार, म्हापशाला पोरांचं कॉलेज. अर्ध्या गावाला हवी होती ती गाडी. पण काकीला सांगणार कोण?

शेवटी मधुकरनेच तोंड उघडलं. चहाचा ग्लास तिच्यापुढे सरकवत, घसा दहादा साफ करत त्याने सगळं सांगितलं. “पण काकी, गाडी तुजी. तू ना म्हणलें तर विषय संपलो. आमी परत तोंड उघडचे ना.”

रेश्मा गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत राहिली. बाबली वर कौलांकडे बघत राहिला.

काकीने विचारलं, “बंद केली तर परत सुरू जातली?”

“खोटें कशाला सांगू? ना, काकी.”

“मागीर कोणी अर्ज केलो तरी?”

“तरीय ना.”

“पक्कें?”

“पक्कें,” मधुकर खाली मान घालून म्हणाला.

काकीने हात वर केला. म्हापशाच्या बाजूने. सगळ्यांत आधी.

मग बाबलीने भसकन नाक शिंकरलं. “काकी, काळीज केवढें गे तुजें! गावाखातीर पोटच्या पोराची गाडी सोडलीस!” रेश्माने तर तिला मिठीच मारली. पेठ हे कधी विसरणार नाही, असं मधुकर म्हणाला. काकी मात्र शांत होती. तिने तो गार झालेला चहा घोट घोट करत सगळा संपवला.

सोमवारी सकाळी म्हापशाची गाडी खच्चून भरून गेली. संध्याकाळी वास्कोची आली नाही.

काकी घरातलंच साधं लुगडं नेसून पाव आणायला बाहेर पडली. पाववाली वत्सला आठवडाभर माहेरी होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने सवयीने हाक मारली, “चंद्रावती! गौरेश आयलो गे?”

काकी थांबली. कितीतरी दिवसांनी तिने मान वर केली आणि समोरच्या ओळीतल्या शेवटच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

“येतलो कसो गे? गाडी खंय आसा?”