पार्बताबाईचं उत्तर

डॉक्टर पुराणिकांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, पुन्हा खाली ठेवला आणि म्हणाले, "पेशंटला जरा बाहेर बसू द्या."

"छाती माही हाय," देवमन म्हणाला. "मी बसतो इथंच."

अंजनगावहून त्याच्यासोबत धाकटा भाऊ शालिकराम आला होता आणि बायको पार्बताबाई. शालिकराम शेजारच्या खुर्चीवर होता. पार्बताबाई दाराशी उभी होती, पदराचं टोक दातांत धरून.

मग डॉक्टरांनी काही लपवलं नाही. मुंबईला नळी घालून काढलेला तुकडा तपासून आला होता. उजव्या फुप्फुसात, वरच्या अंगाला, सुपारीएवढी गाठ. कॅन्सरच. पण लवकर सापडली होती, अजून पसरली नव्हती.

"दोन मार्ग आहेत. दोन्हीसाठी मुंबईलाच जावं लागेल," ते म्हणाले. "एक ऑपरेशन. छाती उघडून फुप्फुसाचा तेवढा भाग काढून टाकायचा. साधलं तर गाठ मुळासकट जाते. पण काम मोठं आहे. टेबलावरून सगळेच परत येतात असं नाही. दुसरा शेक. यंत्रातून किरण सोडतात. कापाकापी नाही. गाठ आकसते. पण पुढं पुन्हा उठणार नाही, असं मी सांगू शकत नाही."

"शेकच बरा," शालिकराम लगेच बोलला. "कापलेला मानूस पानमळ्यात घागरी कशा वाहीन?"

देवमननं त्याच्याकडे पाहिलंही नाही. "तुमी काय म्हनता, डाक्तरसाहेब?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मी एक सांगायचं आणि भलतंच व्हायचं. तुम्ही घरात बोला. फक्त उशीर करू नका."

चीनच्या लढाईनंतरचा उन्हाळा होता. अमरावतीचे रस्ते दुपारी ओस पडले होते. शालिकराम एसटीची चौकशी करायला गेला आणि नवराबायको दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली बसली. पार्बताबाईनं भाकरीचं फडकं सोडलं. देवमननं हात लावला नाही.

"काय करू वं?" तो म्हणाला.

तिला वाटलं, स्वतःशीच बोलतोय. वर पाहिलं तर तो तिच्याकडेच बघत होता.

"मले इचारता?"

"तुले नाई तं कोनाले?"

"मी सांगतलं अन् तुमाले काही झालं तं?"

"झालं तं झालं. सांग."

फडक्यावर मुंग्या चढू लागल्या, त्या तिनं झटकल्या नाहीत.

"मर लागलेला वेल आपन मळ्यात ठेवतो काय?"

"वेल दुसरा लावता येते," देवमन हसला. हसता हसता त्याला खोकला आला. ती त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. ढास थांबली, पण तिनं हात काढला नाही.

"शेक घेऊन घरी आले, तं तुमी खोकलसान तवा तवा मी दचकन," ती म्हणाली. "तुमी बी दचकसान. मले सांगसान नाई, पन दचकसान. असं नाई जगाचं. कापून घ्या."

"बरं," देवमन म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मुंबईच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यानं शालिकरामला खाटेजवळ बोलावलं. पार्बताबाई पायथ्याशी बसून त्याचं धोतर घडी करत होती.

"ध्यानात ठेव," देवमन भावाला म्हणाला. "कापाचं मी ठरवलं. तुही वयनी नको म्हनत होती. मी आयकलं नाई."

पार्बताबाईचे हात थांबले. ती काही बोलणार, तेवढ्यात देवमननं शालिकरामच्या खांद्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि नाही अशी मान हलवली. तिनं धोतराची घडी पुरी केली.

ऑपरेशन पार पडलं. गाठ पूर्ण निघाली, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. मग छातीत पू झाला. ताप चढला, तो उतरेना. देवमननं आधी शालिकरामची ओळख सोडली, नंतर तिची. त्याला मुंबईतच अग्नी दिला आणि अस्थींचं मडकं घेऊन दोघं दीरभावजय बडनेऱ्याला उतरली.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. देवमनची थोरली बहीण गोदाबाई पार्बताबाईला कवेत घेऊन बसली होती, तिच्या पाठीवरून हात फिरवत.

"शेक घेतला असता तं आज राह्यला असता माहा भाऊ," ती रडत म्हणाली.

"वयनी तं पाया पडली त्याच्या," शालिकराम डोळे पुसत म्हणाला. "कापू नका म्हने. दादानं कोनाचं आयकलं नाई."

बायांनी चुकचुक केली. "तुहं आयकलं असतं तं कुकू राह्यलं असतं वं बाई," एकजण म्हणाली. दुसरीनं पार्बताबाईपुढे पाण्याचा गिलास सरकवला. आता तिला जन्मभर कुणी दोषाचा एक शब्द बोलणार नव्हतं. देवमननं जाताना तशी तजवीज करून ठेवली होती.

पार्बताबाईनं गिलास बाजूला केला.

"नाई," ती म्हणाली. "मी म्हनलं कापा."

शालिकराम घाबरला. "वयनी, दुखात काही बी बोलू नका."

"दुखात नाई बोलत, भाऊजी. त्यायनं मले इचारलं. मी सांगतलं. अन् त्यायनं आयकलं."

गोदाबाईचा हात तिच्या पाठीवर थोडा वेळ तसाच राहिला, मग हळूच निघून गेला.