शेवटच्या ओळीतली मिसळ

"माझा कोड सरळ पुश कर. आधीचं पुसलं गेलं तरी चालेल," हृषीकेशसरांनी एआय एजंटला फर्मावलं आणि चहाचा कप उचलला.

मी कान टवकारले. आमच्या टीमचा सगळा कोड गिटवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक साठ्यात असतो; आपला कोड तिथे चढवणं म्हणजे पुश. तो कसा ठेवायचा, एकमेकांचं काम न पुसता कसं जोडायचं, याचं मॅन्युअल मीच लिहिलंय. आधी माणसांसाठी लिहिलं, ते कुणी उघडलंसुद्धा नाही. मग सर म्हणाले, "आता एजंटसाठी लिही." लिहिलं. पण रागारागात जुनी शेवटची ओळ तशीच ठेवली: 'इथपर्यंत वाचणाऱ्याला माझ्याकडून मिसळ.' आजवर एकानेही ती मागितली नव्हती.

स्क्रीनवर उत्तर आलं. "थांबलोय. यात रेवतीचं आठवडाभराचं काम पुसलं जाईल. मॅन्युअलप्रमाणे आधी तिला विचारायला हवं."

शेजारच्या खुर्चीतली रेवती किंचाळली, "सर! उद्या डेमो आहे माझा!"

"असं लिहिलंयस तू?" सरांनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत स्क्रीनवर आणखी मजकूर उमटला. "शेवटच्या ओळीप्रमाणे एक मिसळ माझी झाली. मला खाता येत नाही, ती रेवतीला द्यावी."

सगळे हसत सुटले. मला मात्र त्या लॅपटॉपला मिठी मारावीशी वाटली.

सरांनी घाईघाईने मॅन्युअल उघडलं, सर्रकन तळाशी गेले आणि म्हणाले, "हे बघ, मीही वाचली शेवटची ओळ. माझी मिसळ?"

"सर," मी म्हणाले, "एजंट पहिल्या ओळीपासून आला होता."