सावकाश होऊ द्या

“मठ्ठा! इकडे मठ्ठा,” पंगतीतून हाक आली आणि सोपानचे पाय आपोआप तिकडे वळले. तीस वर्षं त्यानं लोकांच्या लग्नांत वाढप्याचं काम केलं होतं. आजचं लग्न आपल्या मुलीचं आहे, हे त्याला मठ्ठ्याचा जग हातात घेतल्यावर आठवलं. डोक्याला फेटा होता, पण फेटे आज वाढप्यांनाही होते.

वारण्याआधी त्याच्या बायकोनं, इंदूनं, त्याला बजावलं होतं, “रेवतीच्या लग्नात भांड्याला हात लावायचा नाही. यजमानासारखं हात जोडून पंगतीतून फिरायचं आणि म्हणायचं, सावकाश होऊ द्या.” दवाखान्यातल्या खाटेवर पडून तिनं ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं. वाढपी हे वाक्य कधी बोलत नाही. पण रेवती आता बँकेत साहेब होती, सासर बंगल्यातलं होतं. बाप तिथं शोभायला हवा होता.

हाक मारणाऱ्या नवरदेवाकडच्या पाहुण्याचा पेला भरून सोपाननं जग खाली ठेवला. हात जोडले.

“सावकाश होऊ द्या.”

पाहुण्यानं मान वर केली नाही. “तू कशाला म्हणतोस रे? यजमान कुठं आहेत? त्यांना पाठव जरा.”

समोर नवऱ्याशेजारी बसलेल्या रेवतीच्या हातातला घास थांबला. ती उठू लागली. सोपाननं नजरेनंच तिला बसवलं.

“पाठवतो, साहेब,” तो म्हणाला, आणि जग उचलून पुढच्या ताटाकडे गेला.