मामाचा दुसरा रकाना

भाचीनं बटण दाबलं, ॲप नवीन झालं, आणि तिचा चहा निवायच्या आत मामाचा फोन वाजायला लागला.

पहिला फोन चित्रकार बाईंचा. "दहा तारीख, दहा तारीख म्हणून माझ्या मागे लागलात, आणि इथे खरी तारीख पंचवीस दिसतेय?" मामा दोनदा हॅलो म्हणाला, आवाज येत नाही म्हणाला आणि फोन ठेवून दिला. दुसरा फोन अनुवादकाचा. तो नुसता हसत राहिला. मामाला ते जास्त लागलं.

मामाची प्रकाशनसंस्था म्हणजे एक खोली, तीन टेबलं आणि भिंतीला टेकून उभे गठ्ठे. कुठलं पुस्तक कुणाकडे अडलंय आणि छापायला कधी जायचंय, हे पूर्वी फळ्यावर असायचं. भाचीनं त्याचं छोटं ॲप केलं. लेखक आणि चित्रकार घरबसल्या आपापली तारीख बघायचे. मामानं त्यात तारखेचे दोन रकाने मागून घेतले होते. 'सांगायची तारीख' सगळ्यांना दिसायची. 'खरी तारीख' फक्त मामाला.

"लेखकाला खरी तारीख सांगायची म्हणजे मांजराला दुधाची राखण," मामा म्हणायचा. दुनियेला बनवतो याचा त्याला कोण अभिमान. प्रेसवालाही आपल्याला वचकून असतो, असं तो चारचौघांत सांगायचा. कारण पुस्तक चार दिवस उशिरा गेलं तरी छपाईची पाळी आजवर कधी चुकली नव्हती. प्रेसशी बोलायचं काम मात्र मामीचं. मामा फोनवर भांडतो म्हणून. मामी तारीख आणायची, मामा ती रकान्यात भरायचा आणि वरून आपली खोटी तारीख लावायचा.

चूक भाचीचीच होती. नवीन बदल तपासताना ती मामाच्या नावानं आत शिरली. मामाला सगळंच दिसतं. त्यामुळे तिलाही सगळं ठीक दिसलं. दुसरा रकाना आता गावभर दिसतोय, हे तिला चित्रकार बाईंच्या फोनवरून कळलं.

"मामा, मी लगेच लपवते."

"आता काय लपवतेस? पितळ उघडं पडलं."

आणि मग ज्याची भीती होती तो फोन आला. प्राध्यापकांचा. त्यांच्या जाडजूड ग्रंथावर मामानं सगळं वर्ष लावलं होतं. कागद येऊन पडला होता, ग्रंथालयांना शब्द दिला होता, आणि शेवटची दोन प्रकरणं अजून प्राध्यापकांच्या डोक्यात होती. दहा तारखेच्या धाकानं ते कसेबसे लिहायला बसले होते.

"अहो, पंचवीस आहे होय?" प्राध्यापक प्रसन्न आवाजात म्हणाले. "उगीच जीव घेत होतात. मी जरा बहिणीकडे जाऊन येतो. हवापालट होईल. पंचविसाच्या आसपास देतोच."

प्राध्यापकांचं 'आसपास' म्हणजे काय, हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. दहा-बारा दिवस तरी वर. प्रेसवाला चार दिवस थांबेल, पण बारा दिवस कोण थांबतं? पंचवीसची पाळी चुकली की यंत्र शाळेच्या वह्यांना लागणार. मग ग्रंथ थेट पुढच्या वर्षी.

"बुडालो," मामा म्हणाला आणि खुर्चीत बसला. भाचीला ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तिला रडू यायला लागलं. हौसेनं केलेलं ॲप, आणि त्यानंच मामाला खड्ड्यात घातलं.

कोपऱ्यातल्या टेबलावर मामी प्रुफं वाचत होती. इतका गोंधळ झाला, पण तिनं मान वर केली नव्हती. मामी तशीच. तिच्यासमोर प्रुफं असली की घर पेटलं तरी आधी परिच्छेद संपवायची.

भाचीनं डोळे पुसले आणि प्रेसचा नंबर काढला. "मी बोलते त्यांच्याशी. पाया पडते. पंचवीसची पाळी थोडी पुढे ढकला म्हणते."

"नको करूस," मामी म्हणाली.

"का गं मामी?"

"त्यांना कुठे माहितेय आपली पाळी पंचवीसला आहे ते?"

मामानं हळूच मान वळवली.

"म्हणजे?"

"म्हणजे पंचवीसला आपली पाळीच नाही." मामीनं पेन्सिलीनं एक शब्द खोडला. "चित्रकार बाई देतात वेळेवर. अनुवादकही देतो. शेवटी पुस्तक अडतं ते तुमच्या मलपृष्ठावरच्या चार ओळींसाठी. दरवेळी. म्हणून मी तुम्हाला तारीख बरीच अलीकडची सांगते."

"कधीपासून?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून."

वचकून असणारा प्रेसवाला, कधीही न चुकलेली पाळी, चारचौघांतल्या बढाया, सगळं मामाच्या चेहऱ्यावरून एकामागून एक उतरत गेलं. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं की आपण बुडालेलो नाही. रागवावं की हसावं, त्याला कळेना. भाचीला कळलं होतं. ती टेबलाखाली वाकून हसत होती.

"मामी, तिसरा रकाना करून देऊ? फक्त तुला दिसेल असा?"

"छे. आज बघितलं ना, रकान्यांचं काय होतं ते."

मामा उठला आणि मामीच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. आवाज शक्य तितका मऊ केला.

"बरं, झालं गेलं. आता मला तरी सांग. खरी तारीख कोणती?"

मामीनं प्रुफाचं पान उलटलं.

"तुम्हाला सांगितली, तर ती खरी राहील का?"