लाल गवत

काल संध्याकाळपर्यंत गायरानाचा मधला पट्टा लालभडक होता. आज तिथं नुसती उकरलेली माती दिसली आणि जनावरांच्या डॉक्टर शकीला तांबोळी यांच्या डोक्यात तिडीक गेली.

"अण्णा, गवत कुठंय?"

"काढलं, मॅडम. मुळासकट." सरपंच जालिंदरअण्णा हसले. "उद्या मंत्री येणार. लाल दिसलं की म्हणतील, गावात रोगराई आहे."

"आहेच! इथं काळपुळीनं मेलेली जनावरं पुरलीत. मातीत तो जंतू जिवंत असेल तिथंच हे गवत लाल होतं. त्यासाठीच ते प्रयोगशाळेत घडवलं, त्यासाठीच मी इथं पेरलं! ही माती पोटात गेली तर जनावर मरतं, हाताच्या जखमेला लागली तर माणूससुद्धा. आणि तुम्ही खूणच उपटलीत?"

"ओरडू नका. आता दिसतंय का कुठं लाल?"

शकीलाताईंनी दात आवळले. "उपटलेलं जाळलंत तरी का?"

"जाळायचं कशाला?" अण्णा दुखावले. "एवढा कोवळा चारा! पहाटेच घरोघरी वाटला. आमच्या कालवडीला तर नातीनं स्वतःच्या हातानं भरवला."