बॅटरीची काटकसर

रानातल्या त्या घरात विजेची तार आलेली नव्हती; छपरावरचं सोलर आणि जिन्याखालच्या बॅटऱ्या, एवढ्यावरच सगळा कारभार. चार दिवस आभाळ भरलेलं राहिलं, तसा निसर्गवेड्या लेकानं बटणांवर पहारा बसवला. आधी मिक्सर बंद, मग पंखा, आणि शेवटी बापाचं दम्याचं मशीनच त्यानं उचलून कपाटात टाकलं.

"बाबा, हे फार बॅटरी खातं. पातेल्यातली वाफ घ्या, तीही वाफच."

"अरे, धाप लागलीय."

"सोसा जरा. जगायला काही लागत नाही हो माणसाला."

सुनेनं गॅसवर पाणी तापवून दिलं. म्हातारा टॉवेलखाली घुसमटत राहिला, पण लेकाच्या हौसेला आपला अपशकुन नको म्हणून खोकलाही टॉवेलातच दाबला.

संध्याकाळी अंगणातल्या दिव्यांच्या माळा एकदम झगमगल्या. बॅटरी भरली वाटतं, आता मशीन मिळेल, म्हणून म्हातारा भिंतीला धरत बाहेर आला. लेकानं त्याला जवळ ओढलं, कानात म्हणाला, "दोन मिनिटं खोकू नका," आणि स्टँडवरच्या फोनकडे बघून गोड हसला.



"मंडळी, हे माझे बाबा. इथली हवा लागल्यापासून यांचं दम्याचं मशीन कपाटात धूळ खात पडलंय."